सोन्याचा शेवटचा मार्क

रोझविटा क्नोबेलसमोर कुणी कप ठेवला, की कॉफी ओतायच्या आधी तिचं बोट कपाच्या कडेवरून एक फेरी मारून यायचं. कुठे टवका उडालाय का, कुठे झिलईखाली खडा राहिलाय का. हे ती मुद्दाम करत नसे. कार्ल्सरूहेच्या टांकसाळीत सदतीस वर्षं नाणी तपासल्यावर बोटालाच ती खोड लागली होती. तिचा नवरा ओयगेन हयात होता तेव्हा पाहुण्यांसमोर म्हणायचा, "लग्नाआधी हिनं माझ्यावरून असं बोट फिरवलं नाही, म्हणून मी पास झालो." ओयगेन ट्राम दुरुस्त करायचा. शहाण्णव साली तो गेला. मूलबाळ नव्हतं. त्या खोडीला हसायला मग घरात कुणी उरलं नाही.

तिचं काम सांगायला सोपं होतं. ठशाखालून पडलेली नाणी एका रुंद पट्ट्यावरून सरकत यायची आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या असायच्या. गरुडाच्या पंखावर ओरखडा, ओकच्या पानावर डाग, काठ बोथट, असं काही दिसलं की नाणं उचलायचं आणि डावीकडच्या डब्यात टाकायचं. डब्यातलं सगळं परत वितळायला जायचं. बाकीची नाणी पिशव्यांत भरून जगात जायची. बेकरीच्या गल्ल्यात, चर्चच्या दानपेटीत, पोरांच्या मातीच्या डुकरांत. बेकरीवाल्याने सुटे दिले की रोझविटा ते उलटून बघायची. कार्ल्सरूहेच्या टांकसाळीचं बारीक 'जी' अक्षर दिसलं, की रस्त्यात माहेरचं माणूस भेटल्यासारखं तिला व्हायचं.

दोन हजार एकचा उन्हाळा तिचा टांकसाळीतला शेवटचा. साठी पूर्ण झाली होती, सप्टेंबरअखेर निवृत्ती होती. आणि तिच्याबरोबर देशाचं चलन, मार्क, तोही निघाला होता. नव्या वर्षापासून सगळ्यांच्या खिशात युरो येणार होता. युरोची नाणी पट्ट्यावरून केव्हापासूनच धावत होती. चकचकीत, दोन रंगांची, परक्या घरातल्या सुनेसारखी. बायका ती निमूटपणे तपासायच्या, पण त्यांच्याविषयी बोलायचं कुणी नाही.

मग वसंतात बातमी आली. मार्कला निरोप द्यायला देशाच्या मुख्य बँकेने एक शेवटचा मार्क सोन्यात काढायचं ठरवलं होतं. तोच जुना एक मार्क, तोच आकार, एका बाजूला गरुड, दुसऱ्या बाजूला ओकची पानं आणि मधे एकचा आकडा. फक्त धातू शुद्ध सोनं, बारा ग्रॅम. आपल्याकडच्या जुन्या मापाने तोळाभर आणि वर दोन-तीन गुंजा. देशातल्या पाच टांकसाळी मिळून दहा लाख नाणी पाडणार होत्या. कार्ल्सरूहेच्या वाट्याला दोन लाख.

सोन्याला पट्टा चालत नाही. एकमेकांवर घासली तरी नाणी खराब होतात. म्हणून तपासणीच्या खोलीत काळी मखमल अंथरलेली टेबलं आली, पांढरे हातमोजे आले, आणि दारात एक माणूस येऊन बसला, जो दिवसभर काहीही न करता फक्त बघत असे. रोझविटाच्या शेजारच्या खुर्चीवर ओक्सबाई असायच्या. तिच्याहून चार वर्षांनी लहान, पण तोंडाने चाळीस वर्षांनी मोठ्या.

पहिल्या दिवशी पहिलं नाणं रोझविटाने तळहातावर घेतलं आणि हात तसाच हवेत धरला.

"काय गं? चटका बसला का?" ओक्सबाईंनी विचारलं.

"जड आहे."

"सोनं आहे, बटाट्याची चकती नाही. आटप, तो बघतोय."

"आपण आयुष्यभर ज्याला पैसा म्हणत आलो, तो हा असा दिसायला हवा होता असं वाटतं."

"असा दिसला असता, तर तू-मी त्याला हात लावू शकलो असतो का?" ओक्सबाई म्हणाल्या आणि पुढचं नाणं उचललं.

असे आठवडे गेले. जूनच्या मध्यावर एका दुपारी रोझविटाच्या हातात एक नाणं आलं. गरुड ठीक होता, काठ ठीक होता. ओकच्या डावीकडच्या पानाच्या देठाशी मात्र एक ठिपका होता. सुईच्या टोकाएवढा. ठशावर धुळीचा कण बसला असेल. तिने भिंग लावलं, दिवा जवळ घेतला, नाणं तिरकं केलं. ठिपका होता.

"ओक्सबाई, हे बघा."

ओक्सबाईंनी बघितलं. "मला काही दिसत नाही."

"देठाशी."

"रोझविटा, हे नाणं कुणीतरी मखमलीच्या डबीत घालून कपाटात ठेवणार. त्याचा नातू ते पन्नास वर्षांनी विकणार. कुणाला दिसणार आहे?"

"मला दिसलंय ना."

तिने ते डाव्या हाताच्या डब्यात टाकलं. डब्याच्या तळाशीही मखमल होती, त्यामुळे आवाजही झाला नाही. पण टाकता टाकता, दहा वर्षांपूर्वी आपण स्वतः उच्चारलेलं एक वाक्य तिच्या कानात जसंच्या तसं वाजलं. "मालात खोट नसेल, तर माल विकला जातोच." हे वाक्य ती तिच्या धाकट्या बहिणीला म्हणाली होती.

उरलेली दुपार तिच्या हातून नीट काम झालं नाही.

*

रोझविटाचं माहेर प्लाउएनचं. डोंगरउतारावरचं, लेस विणणाऱ्या कारखान्यांचं गाव, महायुद्धानंतर देशाची फाळणी झाली तेव्हा कम्युनिस्ट पूर्वेच्या बाजूला गेलेलं. बाप लढाईतून परतला नाही. आई फ्रीडा, थोरली रोझविटा, आणि तीन वर्षांनी धाकटी गुडरून. अठ्ठेचाळीस साली पश्चिमेकडे नवा मार्क निघाला, तेव्हा प्लाउएनमध्ये जुन्याच नोटांवर तिकिटं चिकटवून आलेल्या नोटा चालायच्या, आणि पुढे अॅल्युमिनियमची नाणी आली. इतकी हलकी, की गुडरून ती तळहातावर ठेवून फुंकायची आणि म्हणायची, "बघ, आपला पगार उडाला."

एकोणसाठ सालच्या ऑगस्टमध्ये अठरा वर्षांची रोझविटा शिवणाचा रेशमी दोरा आणते असं सांगून बर्लिनच्या गाडीत बसली. बर्लिनमध्ये तेव्हा भिंत नव्हती. ती शहरातल्या लोकल गाडीने पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली, उतरली, आणि परत फिरली नाही. गुडरून पंधरा वर्षांची होती. दोन दिवस ती संध्याकाळच्या गाडीला स्टेशनवर जाऊन उभी राहिली. तिसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापकांनी तिला बोलावलं आणि दारं लावून तीन तास प्रश्न विचारले. तिला एकाचंही उत्तर देता आलं नाही, कारण तिला काही ठाऊकच नव्हतं.

अडुसष्ट साली आई गेली. पळून गेलेल्या लेकीला तेव्हा त्या बाजूला पाऊल ठेवलं तर तुरुंग होता. रोझविटाने कार्ल्सरूहेच्या चर्चमध्ये एक मेणबत्ती लावली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. पुढे कायदे सैल झाले, तेव्हा चौऱ्याहत्तरमध्ये ती पहिल्यांदा माहेरी गेली. गुडरून आता लेसच्या कारखान्यात होती. लग्न झालं होतं, मोडायच्या बेतात होतं, आणि आनेट नावाची पाच वर्षांची मुलगी होती.

रोझविटाने भाचीच्या मुठीत एक मार्क ठेवला. 'जी' अक्षराचा. पश्चिमेचे पैसे चालणारं एक सरकारी दुकान गावात होतं. आनेट आईला ओढत तिथे घेऊन गेली, चॉकलेट घेऊन आली, आणि रात्री जेवताना विचारलं, "आई, आपल्याकडे खरे पैसे का नाहीत?"

गुडरूनने ताट बाजूला सरकवलं. "बघितलंस?" ती बहिणीला म्हणाली. "सकाळपर्यंत माझ्या पोरीला आपण गरीब आहोत हे माहीत नव्हतं. तुझ्या एका मार्काने कळलं."

तरीही दोघींचं जाणं-येणं, चिठ्ठ्या, कॉफीची पार्सलं चालू राहिली. एकोणनव्वदच्या ऑक्टोबरात प्लाउएनमधले लोक सरकारविरुद्ध पावसात रस्त्यावर उतरले, त्यात गुडरून होती. पुढच्याच महिन्यात बर्लिनची भिंत पडली. आणि नव्वदच्या जुलैत मार्क प्लाउएनला आला, तेव्हा तिने कार्ल्सरूहेला फोन लावला. "आला गं! रांगेत आनेट पण होती. माझ्या हातात 'जी' आहे. तुझा आहे का बघ!" दोघी बहिणी फोनच्या दोन टोकांना रडल्या आणि हसल्या.

ते सुख सहा महिने टिकलं. प्लाउएनची लेस आता मार्कात विकायची होती आणि त्या किमतीला ती कुणी घेईना. पूर्वेकडच्या देशांतली जुनी गिऱ्हाइकं तर मार्क देऊच शकत नव्हती. गुडरूनचा कारखाना बंद पडला. मशीन भंगारात गेली. एक्क्याण्णवच्या नाताळात रोझविटा तिच्याकडे आली होती. स्वयंपाकघरात बदक भाजत होतं. गुडरून म्हणाली, "तुमचा मार्क आला आणि माझी मशीन खाऊन गेला." आणि रोझविटा, थकलेली, प्रवासाने आंबलेली, म्हणाली, "मालात खोट नसेल, तर माल विकला जातोच."

गुडरूनने त्या कारखान्यात सत्तावीस वर्षं काय काम केलं होतं? ती तयार लेस दिव्यापुढे धरून खोट शोधायची.

तिने भट्टी बंद केली, कोट घातला आणि बाहेर निघून गेली. रोझविटाने बदक अर्धंकच्चं सोडून रात्रीची गाडी पकडली. त्यानंतर दहा वर्षं वाढदिवसाची कार्डं तेवढी यायची. 'शुभेच्छा. गुडरून.' ओयगेन गेला तेव्हाही कार्डच आलं होतं, फक्त त्यात दोन ओळी जास्त होत्या.

*

सोन्याचा मार्क विक्रीला यायचा दिवस सव्वीस जुलै. टांकसाळीतल्या माणसांना काही खास वाटा नव्हता. ओक्सबाईंनी विचारलं, "घेणार का गं? अडीचशे मार्काला एक मार्क. ओयगेन असता तर तुला डॉक्टरकडे नेलं असतं."

"घेणार. गुडरूनला द्यायचाय."

ओक्सबाईंना त्या बदकाची गोष्ट ठाऊक होती. त्यांनी हातातलं नाणं खाली ठेवलं. "सोन्याने तोंड गोड करणार?"

"तसं नाही. मला तिला दाखवायचंय, मी काय करते ते. तिनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही."

पहाटे साडेपाचला ती बँकेच्या शाखेपुढे पोचली, तर तिच्या आधी साठ माणसं. कुणी घडीची खुर्ची आणली होती, कुणी थर्मास. तिच्या पुढे टोपी घातलेला एक म्हातारा होता. त्याने मागे वळून विचारलं, "गुंतवणूक की आठवण?"

"काय?"

"घेताय कशाला? माझ्या पुढचा तो दाढीवाला गुंतवणूक म्हणून घेतोय. मी आठवण म्हणून. अठ्ठेचाळीस साली माणशी चाळीस मार्क मिळाले होते, तेव्हाही मी अशाच रांगेत होतो. आईच्या स्कर्टला धरून. त्या रांगेत आम्ही सुरुवात केली, ह्या रांगेत संपवू."

"आमच्याकडे नव्हते मिळाले चाळीस," रोझविटा म्हणाली.

म्हाताऱ्याने तिच्या बोलण्याची ढब ओळखली. चाळीस वर्षं पश्चिमेत राहूनही तिचा प्लाउएनचा हेल पुरता गेला नव्हता. "तिकडच्या होय! मग तुम्हाला मार्क उशिरा मिळाला."

"मला लवकर मिळाला. बहिणीला उशिरा."

दाढीवाला मधेच म्हणाला, "मी म्हणतो, दहा लाख नाणी म्हणजे किंमत काही फार वाढायची नाही. आणि खात्री काय, सगळी नीट तपासलेली असतील?"

मीच तपासलीत, असं रोझविटाच्या जिभेवर आलं होतं. पण ती फक्त म्हणाली, "असतील."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत आहे," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की दाढीवाला पुढे वळून वर्तमानपत्र वाचू लागला.

ह्या शाखेत माणशी एकच नाणं मिळत होतं. अकराच्या सुमाराला तिची पाळी आली. खिडकीतल्या मुलीने डबी सरकवली. बाहेर येऊन रोझविटाने झाडाखालच्या बाकावर बसून ती उघडली. भिंग तिच्या पिशवीत होतंच. नाणं 'जी'चं होतं. तिच्या हातून गेलं होतं का ओक्सबाईंच्या, हे देवालाच माहीत. तिने देठ बघितला, पंख बघितले, काठ फिरवून बघितला. मग डबी मिटून, आपण जगातलं सगळ्यात हास्यास्पद काम केलंय असं वाटून ती एकटीच हसली.

*

शनिवारी सकाळी ती निघाली. न्यूर्नबर्गला गाडी बदलली, होफला पुन्हा बदलली. होफच्या स्टेशनवर तिचा धीर सुटला. तिने फोनच्या खोक्यात शिरून नंबर फिरवला. दहा वर्षं न फिरवलेला, पण बोटांना पाठ असलेला.

"गुडरून, मी. होफला आहे. तासाभरात पोचते."

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला. मग गुडरूनने विचारलं, "जेवायला येतेस का राहायला?"

"तू म्हणशील तसं."

"मी म्हणेन तसं तू कधीपासून करायला लागलीस? बटाटे किती किसू ते सांग."

गुडरून दारात उभी होती. केस पूर्ण पांढरे, कमरेला एप्रन. "आलीस? पश्चिमेकडचं खायला संपलं वाटतं," असं म्हणून ती आत गेली आणि दार उघडं ठेवलं. रोझविटाने तेच स्वागत मानलं.

कच्च्या बटाट्याचे हिरवट गोळे आणि डुकराच्या मांसाचा रस्सा. जेवताना दोघी बोलत होत्या त्या आनेटविषयी (ती आता म्यूनिकला परिचारिका होती), शेजारणीच्या गुडघ्याविषयी, प्लाउएनच्या ट्रामच्या नव्या रंगाविषयी. गुडरूनला कारखान्यानंतर सरकारी रोजगार कचेरीने दोनदा कुठलेकुठले अभ्यासक्रम करायला लावले होते, मग एका हॉटेलात खोल्या झाडायचं काम मिळालं होतं, तेही गेलं होतं. आता ती लोकांचे जुने पडदे दुरुस्त करायची. खिडकीशी तिचं टेबल होतं, त्यावर दिवा, आणि दिव्याखाली धागे मोजायचं पितळी भिंग.

भांडी घासून झाल्यावर रोझविटाने डबी टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"उघड तरी."

गुडरूनने उघडली. चेहरा हलला नाही. "टीव्हीवर दाखवला होता हा. ह्याच्यावर एक लिहिलंय आणि किंमत अडीचशे. तुमच्याकडचं सगळं असंच. लिहिलेलं एक, मागणार अडीचशे."

"विकत घेतलाय. रांगेत उभी राहून."

"तुमच्याकडेही रांगा लागतात? बरं वाटलं ऐकून." मग तिचा हात आपसूक भिंगाकडे गेला. तिने नाणं दोन बोटांत काठाने धरलं. रोझविटाने ते बघितलं. कुणी न शिकवता बहिणीने नाणं जसं धरायला हवं तसंच धरलं होतं. गुडरूनने दिवा तिरका केला. भिंग डोळ्याला लावलं. आधी काठ, मग मधला भाग, मग डावीकडून उजवीकडे, ओळीने, जशी लेस बघतात तशी.

"घाई करू नकोस," रोझविटा म्हणाली.

"तू मला शिकवू नकोस. पान छान आहे. शिरा तुटलेल्या नाहीत कुठे." तिने नाणं उलटलं. बराच वेळ गरुडाकडे बघत राहिली. मग उठली, ड्रॉवरमधून पाकीट काढलं, त्यातला साधा एक मार्क काढला आणि दोन्ही नाणी शेजारी ठेवली.

"खोट सापडली," ती म्हणाली.

"शक्य नाही!"

"ये, बघ. साध्या मार्कवर गरुडाभोवती काय लिहिलंय? देशाचं नाव. आणि सोन्याच्यावर? बँकेचं नाव." तिने भिंग खाली ठेवलं. "देश गेला, बँक आली. मी नव्वद सालापासून दुसरं काय सांगतेय?"

रोझविटा आधी थबकली आणि मग तिला इतकं हसू फुटलं की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. ते मुद्दामच तसं होतं, हे नाणं बँकेने स्वतः काढलं होतं. पण हजारो नाण्यांवरून डोळे फिरवून तिला जे खटकलं नव्हतं, ते गुडरूनने पाच मिनिटांत पकडलं होतं. गुडरूनही हसली, पण अर्ध्यावर थांबली.

"तू ते वाक्य का बोललीस गं, रोझी?"

रोझविटाने हातमोजे घातल्यासारखे दोन्ही हात मांडीवर ठेवले. "थकले होते हे कारण नाही. मला वाटत होतं, मी निघून गेले ते बरोबर केलं. तुझा कारखाना बुडाला तेव्हा मला ते आणखी बरोबर वाटलं. म्हणून बोलले. तुझ्या हातून गेलेल्या लेसमध्ये खोट नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. आपण दोघी एकाच आईच्या आहोत."

गुडरून नाण्याशी चाळा करत राहिली. "मशीनचं मी केव्हाच सोडलं. लोक मशीनसाठी इतकी वर्षं रडत नाहीत. तू दोरा आणायला जाते म्हणाली होतीस."

ह्यावर रोझविटाकडे उत्तर होतं. बेचाळीस वर्षं तिने ते दाबून ठेवलं होतं. आईला ठाऊक होतं. आईनेच तिकिटाचे पैसे दिले होते, आईनेच सांगितलं होतं की धाकटीला कळता कामा नये, शाळेत विचारलं तर तिला खरंच काही माहीत नसलं पाहिजे. आणि मग गुडरून दोन संध्याकाळी स्टेशनवर उभी राहिली तेव्हा आई काहीच बोलली नव्हती. हे सांगितलं तर मेलेल्या आईवर बोट दाखवल्यासारखं होईल, म्हणून ती सांगत नव्हती.

"गुडी," ती म्हणाली, "आईला..."

"आईला माहीत होतं."

रोझविटाने हातातलं डबीचं झाकण खाली ठेवलं.

"मरायच्या आधीच्या आठवड्यात सांगून गेली. म्हणाली, शाळेत मी खोटं बोलू शकले नसते. बरोबरच होतं, मला कधीच खोटं बोलता आलं नाही."

"मग तेहतीस वर्षं तू मला का...?"

"वाट बघत होते. तू म्हणशील, मी नाही गं, आईने सांगितलं. एकदा तरी म्हणशील. चौऱ्याहत्तरमध्ये वाटलं आता म्हणशील. नव्वदमध्ये वाटलं. तू प्रत्येक वेळी सगळं आपल्या अंगावर घेऊन गप्प. मला त्याचाच राग यायचा आणि त्याचंच..." तिने वाक्य पुरं केलं नाही. डोळे पुसायला एप्रन उचलला आणि त्यावरच्या रश्शाच्या डागाकडे बघून म्हणाली, "छे, हाही खराब."

मग दोघी कितीतरी वेळ आईविषयी बोलत बसल्या. ती कशी दोऱ्याचं टोक दाताने तोडायची, कशी कधीही मोठ्याने रडायची नाही, कशी लोकांच्या पडद्यांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून मुलींचे फ्रॉक शिवायची.

"म्हातारी पक्की होती," गुडरून म्हणाली.

"आपल्यापेक्षा पक्की."

रोझविटा तीन दिवस राहिली. निघताना तिने डबी गुडरूनच्या हातात दिली. गुडरूनने ती परत केली. रोझविटाने पुन्हा दिली. स्टेशनवर गाडी येईपर्यंत हा खेळ चालला. शेवटी गुडरून वैतागून म्हणाली, "ठेव बाई इथे, नाहीतर गाडी चुकेल. पण ह्याला मी पैसे म्हणणार नाही."

"नको म्हणूस."

सप्टेंबरात गुडरून पहिल्यांदा कार्ल्सरूहेला आली, बहिणीच्या निरोपाला. टांकसाळीच्या उपाहारगृहात केक कापला, साहेबांनी भाषण केलं. ओक्सबाई आणि गुडरून एका टेबलावर बसल्या आणि अर्ध्या तासात दोघींनी मिळून टेबलक्लॉथच्या लेसमध्ये चार चुका काढल्या. नव्या वर्षी युरो आला. आठवडाभर लोक दुकानात दोन्ही पैसे मोजत गोंधळले, आणि फेब्रुवारी संपेपर्यंत मार्क दिसेनासे झाले. रोझविटाला वाटलं होतं त्यापेक्षा ते कमी दुखलं. बेकरीत सुटे उलटून बघायची सवय मात्र वर्षभर गेली नाही.

दोन हजार चार साली तिने कार्ल्सरूहेचं घर सोडलं आणि प्लाउएनला गुडरूनच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. लोक म्हणाले, सगळे तिकडून इकडे येतात आणि ही उलटी निघाली. ती म्हणायची, "माझं उलटंच असतं."

सोन्याचा मार्क गुडरूनच्या काचेच्या कपाटात आहे, आईच्या हातच्या एका लेसच्या तुकड्यावर. कुणी नवीन माणूस आलं की गुडरून तो बाहेर काढते आणि त्याची गोष्ट सांगते. सांगताना तिच्या चुका होतात. बारा ग्रॅमचे ती वीस करते, पाच टांकसाळींची एकच करते, आणि दहा लाखच्या दहा लाख मार्क एकट्या माझ्या बहिणीने तपासले, असं ठासून सांगते. कधीही खोटं न बोलणारी गुडरून! रोझविटा शेजारी बसून बटाटे सोलत असते. पहिली दोन वर्षं ती दुरुस्त करायची. आता पाहुण्याने विश्वास बसत नसल्यासारखं तिच्याकडे बघितलं, तर ती सुरी न थांबवता म्हणते, "हो. फार डोळे दुखले त्या वर्षी."